‘चावी’ आणि ‘याबे’ : मराठीच्या दारातून स्पॅनिश

नवी परकी भाषा शिकायची म्हटले की आपल्याकडील विद्यार्थी प्रथम इंग्लिशकडे पाहतो. इंग्लिश चांगले असेल तरच फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश जमेल, अशी अनेकांची समजूत असते. मराठी माध्यमातील मुले तर या समजुतीपायी अशा भाषांच्या वाटेला जातच नाहीत. स्पॅनिशच्या बाबतीत ही समजूत कितपत खरी आहे, ते या लेखात आपण तपासून पाहणार आहोत. तपासण्यासाठी फार मोठी सामग्री लागणार नाही. ओळख करून देण्याची चार-सहा वाक्ये, घरातल्या वस्तूंची वीस-पंचवीस नावे, कागदाची एक पट्टी आणि आपले कान एवढे पुरे.

स्पॅनिश ही पन्नास कोटींच्या आसपास लोकांची मातृभाषा आहे. मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांच्या संख्येत चिनी मँडरिननंतर तिचाच क्रमांक लागतो. स्पेनबरोबरच मेक्सिको, क्यूबा, कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिना अशा अनेक देशांत ती चालते. एवढ्या पसाऱ्यात उच्चाराचे स्थानिक भेद असणारच. येथे आम्ही लॅटिन अमेरिकेत सर्वसाधारणपणे चालणारा उच्चार धरला आहे. स्पेनमधील मुख्य फरक जागोजागी सांगितले आहेत. देवनागरीत लिहिताना जेथे शब्दावर जोर येतो तेथील इ-उ आम्ही दीर्घ लिहिले आहेत.

ओळख

सकाळी भेटल्यावर म्हणायचे ‘ब्वेनोस दीआस’, दुपारनंतर ‘ब्वेनास तार्देस’, रात्री ‘ब्वेनास नोचेस’. कोणत्याही वेळी, मोकळेपणाने म्हणायचे तर ‘ओला’. मग पुढील संवाद :

— कोमो से यामा उस्तेद? (आपले नाव काय?)
— मे यामो सुनीता. (माझे नाव सुनीता.)
— मूचो गूस्तो. (भेटून आनंद झाला.)
— दे दोन्दे एस उस्तेद? (आपण कुठल्या?)
— सोय दे ला ईन्द्या. सोय माएस्त्रा. (मी भारतातली. मी शिक्षिका आहे.)

शिक्षक असेल तर ‘माएस्त्रो’, शिक्षिका असेल तर ‘माएस्त्रा’. ‘आनंद झाला’ म्हणण्यासाठी आणखी एक शब्द आहे. तो पुरुष ‘एन्कान्तादो’ असा उच्चारतो आणि स्त्री ‘एन्कान्तादा’ असा. बोलणाऱ्याप्रमाणे शब्द बदलतो याचे इंग्लिशच्या वाटेने येणाऱ्याला नवल वाटते. आपण मात्र ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हा भेद लहानपणापासून करतो. घराचे नाव ‘कासा’ स्त्रीलिंगी, म्हणून पांढरे घर ‘कासा ब्लान्का’. पुस्तक ‘लीब्रो’ पुल्लिंगी, म्हणून ‘लीब्रो ब्लान्को’. ‘पांढरा, पांढरी, पांढरे’ म्हणणाऱ्याला दोनच लिंगे असलेली भाषा जड जाऊ नये. अर्थात कोणत्या वस्तूचे लिंग कोणते, हे शब्दागणिक पाठच करावे लागते.

एका मुलाला विचारताना वाक्य बदलते : ‘कोमो ते यामास?’ येथे ‘उस्तेद’च्या जागी ‘तू’ गृहीत आहे. हे छापताना झालेली चूक नाही. स्पॅनिशमध्येही ‘तू’ला ‘तू’च म्हणतात! ‘उस्तेद’ हे आदरार्थी रूप. त्याचा उगम ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ या दरबारी संबोधनात आहे. साहजिकच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचे येते. संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याला हे लगेच उमगेल : ‘त्वं गच्छसि’, पण ‘भवान् गच्छति’. अर्जेंटिना, उरुग्वाय आदी देशांत ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात, एवढे लक्षात ठेवावे.

‘मे यामो’चा शब्दशः अर्थ ‘मी स्वतःला (अमुक नावाने) हाक मारतो’. या ‘यामो’कडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

करून पाहा : कागदाची पट्टी

पातळ कागदाची दोन बोटे रुंद पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘पळ’ व ‘फळ’ हे शब्द म्हणा. ‘फ’ म्हणताना दोन्ही ओठ नीट मिटावेत. ‘फळ’ म्हणताना पट्टी हलेल, ‘पळ’ म्हणताना जवळजवळ स्थिर राहील. ‘तवा–थवा’, ‘काल–खाल’ या जोड्या तळहात तोंडासमोर धरून म्हणा. महाप्राण व्यंजनाबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो, अल्पप्राणाबरोबर नाही.

इंग्लिश ज्यांची मातृभाषा आहे ते शब्दारंभीचे ‘पी, टी, के’ झोतासह उच्चारतात. स्पॅनिशमध्ये असा झोत नसतो. ली लिस्कर आणि आर्थर अ‍ॅब्रॅमसन या संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांतील व्यंजनांची मोजमापे प्रसिद्ध केली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत किती वेळ जातो, ते त्यांनी मोजले. इंग्लिश ‘प’साठी हा वेळ सरासरी ५८ सहस्रांश सेकंद भरला, तर प्वेर्तो रिकोतील स्पॅनिशसाठी अवघा ४. त्या अकरा भाषांत मराठीही होती, आणि आपला अल्पप्राण ‘प’ स्पॅनिशच्याच बाजूला पडतो. म्हणजे इंग्रजी भाषकाला जे मुद्दाम विसरावे लागते ते आपल्या तोंडी आधीच बसलेले आहे. ‘पान’, ‘तासा’, ‘कामा’ हे शब्द आपण वाचू तसेच बरोबर ठरतात.

मात्र एक अट आहे. रोमन लिपीतील ‘टी’ आणि ‘डी’ पाहताच आपण ‘ट’ आणि ‘ड’ म्हणतो. ही सवय इंग्लिशने लावली. इंग्लिशमध्ये जिभेचे टोक दातांच्या मागच्या हिरडीला लागते. तो ध्वनी आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधला. आपल्या कानाने त्याला ‘ट’च्या खान्यात टाकले. स्पॅनिशमध्ये जीभ थेट दातांना लागते, म्हणून तेथे ‘त’ आणि ‘द’च हवेत. ‘टोमॅटो’ हे फळ मूळचे अमेरिकेचे. त्याचे नाव नावात्ल या मेक्सिकोच्या जुन्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘तोमाते’ असे आले. आपल्यापर्यंत ते इंग्लिशमार्गे पोचले, म्हणून ‘ट’ झाला. स्पॅनिश वाचताना ‘टोमाटे’ म्हणणारा मराठी विद्यार्थी स्वतःजवळचा ‘त’ बाजूला ठेवून उसना ‘ट’ वापरत असतो.

पाच स्वर, एकच नियम

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. अक्षर एक, उच्चार एक. इंग्लिशमध्ये एकाच ‘ए’ अक्षराचे चार-पाच उच्चार असतात, तसा प्रकार येथे नाही. ‘ए’ हे रोमन अक्षर दिसले की ‘आ’, शब्दात कोठेही असो. आपल्या ‘घर’मधला मोकळा ‘अ’ या भाषेत नाही. ‘मेसा’ (टेबल) शेवटपर्यंत ‘मेसा’ राहते, त्याचे ‘मेस’ किंवा ‘मेसऽ’ होत नाही. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही.

अर्थ बदलतो तो जोराने. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ असेल तर जोर उपान्त्य अक्षरावर, एरवी अंत्य अक्षरावर. याला अपवाद असेल तेथे स्वरावर तिरपी रेघ देतात. लॅटिन अमेरिकेत ‘पापा’तील पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा! मराठीत जोराने असा अर्थभेद होत नाही. त्यामुळे आपला कान येथे आळशी असतो. हा सराव मुद्दाम करावा लागेल.

मराठी कान कोठे फसतो?

मराठीचे दार मोठे असले तरी चौकटीला काही ठिकाणी डोके आपटते. ती ठिकाणे अशी :

‘एच’ मुका. ‘ओला’ आणि ‘एर्मानो’ (भाऊ) हे शब्द ‘एच’ने लिहिले जातात, पण तेथे ‘ह’ म्हणायचा नाही. बऱ्याच शब्दांत हा ‘एच’ म्हणजे नाहीशा झालेल्या ध्वनीची खूण आहे. लॅटिन ‘फारीना’ (पीठ) स्पॅनिशमध्ये आधी ‘हारीना’ आणि मग ‘आरीना’ झाले. ‘ओर्नो’ (भट्टी), ‘ईख़ो’ (मुलगा) यांचीही हीच कथा. पोर्तुगीजमध्ये हा ‘फ’ अजून टिकून आहे.

‘जे’ खरखरीत. उर्दू बोलणारे ‘ख़बर’मधला ‘ख़’ जसा घशातून घासून काढतात, तसा. साबण म्हणजे ‘ख़ाबोन’. कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत तो सौम्य होऊन ‘ह’ होतो, तेव्हा ‘हाबोन’ म्हटले तरी चालेल.

‘बी’ आणि ‘व्ही’ एकच. शब्दाच्या आरंभी दोन्हींचा उच्चार ‘ब’ : ‘बासो’ (पेला), ‘बेन्ताना’ (खिडकी). दोन स्वरांच्या मध्ये ओठ पुरते मिटत नाहीत आणि ‘ब’ व ‘व’ यांच्यामधला मऊ ध्वनी निघतो. बोलण्यात भेद उरला नाही, लिहिण्यात मात्र राहिला. म्हणून स्पॅनिश मुलेही ‘बी-व्ही’च्या चुका करतात, जशा आपली मुले ‘श’ आणि ‘ष’च्या करतात.

‘द’ आणि ‘ग’ मऊ. स्वरांमध्ये आले की तेही सैल होतात. ‘आल्मोआदा’ (उशी) म्हणताना जीभ दातांना जेमतेम स्पर्शते. ‘ध’ मात्र होऊ देऊ नये.

‘च’ एकच. आपल्याकडे ‘चिमणी’चा ‘च’ आणि ‘चमचा’चा ‘च’ वेगळे. चमच्याला स्पॅनिशमध्ये ‘कुचारा’ म्हणतात, पण त्यातला ‘च’ चिमणीचा, चमच्याचा नव्हे.

दोन ‘र’. स्वरांमधला एकेरी ‘र’ आपलाच. दुहेरी ‘र’ थरथरता, ‘चिमणी भुर्र उडाली’ यातल्यासारखा. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘कारो’ म्हणजे महाग, ‘कार्रो’ म्हणजे गाडी. शब्दारंभीचा ‘र’ही थरथरताच.

नागमोडी रेघेचा ‘न’. ‘एन’वर नागमोडी रेघ असली की ‘ञ’च्या जवळचा उच्चार : ‘बान्यो’ (न्हाणीघर). ही रेघ म्हणजे जुन्या लेखनिकांनी जागा वाचवण्यासाठी वर चढवलेला दुसरा ‘न’. ती विसरली तर अर्थ बदलतो : ‘ऊना’ म्हणजे ‘एक’, ‘ऊन्या’ म्हणजे नख.

‘झेड’, आणि ‘ई-आय’पूर्वीचा ‘सी’. लॅटिन अमेरिकेत ‘स’. स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांमध्ये धरून हवा घासत सोडतात. तो आपला ‘थ’ नाही, कारण ‘थ’मध्ये हवा आधी पूर्ण अडते. स्वयंपाकघर ‘कोसीना’ म्हटले तर सर्वत्र कळते.

घरातून फेरफटका

आता शब्द घेऊ. वस्तूवर चिठ्ठी चिकटवून वर्गात किंवा घरात सराव करावा.

घर – कासा; दार – प्वेर्ता; खिडकी – बेन्ताना; किल्ली – याबे; बिजागरी – बिसाग्रा; दिवाणखाना – साला; स्वयंपाकघर – कोसीना; न्हाणीघर – बान्यो; टेबल – मेसा; खुर्ची – सीया; पलंग – कामा; उशी – आल्मोआदा; बादली – बाल्दे; ताटली – प्लातो; पेला – बासो; कप – तासा; चमचा – कुचारा; पाणी – आग्वा; पाव – पान; दूध – लेचे; मीठ – साल; साखर – आसूकार; तेल – आसेइते; तांदूळ – आर्रोस; संत्रे – नारान्ख़ा.

‘साला’ म्हणजे दिवाणखाना, हे सांगताच वर्गात हशा पिकेल. पिकू द्यावा, कारण त्यातून एक गंभीर प्रश्न निघतो. दोन भाषांतले दोन शब्द सारखे दिसले तर त्याचे कारण काय? विज्ञानाच्या शिक्षकाने हा प्रश्न जरूर विचारावा. कारणे तीन असू शकतात : योगायोग, उसनवारी आणि नाते. ती ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. दोन्ही शब्दांचा इतिहास मागे मागे शोधत जायचे आणि ते जवळ येतात की दूर जातात ते पाहायचे.

मराठी ‘साला’ संस्कृत ‘श्यालक’पासून आला, तर स्पॅनिश ‘साला’ जर्मानिक भाषांतून. आपले ‘पान’ ‘पर्ण’पासून, त्यांचे ‘पान’ लॅटिन ‘पानिस’पासून. मागे जावे तसे शब्द दूर गेले. हा योगायोग.

आता ‘दोस, त्रेस, स्येते, ओचो, न्वेबे, द्येस’ घ्या : दोन, तीन, सात, आठ, नऊ, दहा. मागे गेल्यावर लॅटिनमध्ये ‘दुओ, त्रेस, सेप्तेम, ओक्तो, नोवेम, देकेम’ मिळतात आणि संस्कृतमध्ये ‘द्वौ, त्रयः, सप्त, अष्ट, नव, दश’. येथे शब्द जवळ आले. हे नाते. ‘तू’ आणि ‘तू’, ‘नोम्ब्रे’ आणि ‘नाम’, ‘द्येन्ते’ आणि ‘दन्त’, ‘माद्रे’ आणि ‘मातृ’ हेही याच घरचे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातील व्याख्यानात मांडला. पुढे त्यावर तुलनात्मक भाषाशास्त्राची इमारत उभी राहिली.

उसनवारीचे दोन रस्ते आपल्या घरातून जातात. पहिला पूर्वेकडून पश्चिमेला. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’. इ. स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या. तेथील शेवटचे मुस्लिम राज्य, ग्रानादा, १४९२ मध्ये संपले. या जवळजवळ आठ शतकांत शेकडो अरबी शब्द स्पॅनिशमध्ये रुजले, कित्येकदा ‘अल्’ या अरबी उपपदासकट. ‘अस्-सुक्कर’चे ‘आसूकार’ झाले. ‘आल्मोआदा’, ‘आसेइते’, ‘आर्रोस’ यांच्या आरंभी हेच उपपद दडले आहे. संस्कृत ‘नारङ्ग’ याच वाटेने ‘नारान्ख़ा’ झाले. म्हणजे स्पॅनिश स्वयंपाकघरातली ‘आसूकार’ आणि आपली साखर मूळच्या एकाच गोणीतल्या.

दुसरा रस्ता पश्चिमेकडून पूर्वेला. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात स्थिरावले. वसई त्यांच्याकडे १५३४ ते १७३९ होती. त्यांच्या भाषेतून आलेले पाव, चावी, बिजागरी, बालदी, पगार, पाद्री हे शब्द आज कोणाला परके वाटत नाहीत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यामुळे ‘बिसाग्रा’, ‘बाल्दे’, ‘पागार’ (पैसे देणे), ‘पाद्रे’ हे स्पॅनिश शब्द आपल्याला न शिकवताच समजतात.

‘चावी’ची ‘याबे’ कशी?

पण ‘चावी’ आणि ‘याबे’ काही सारखे दिसत नाहीत. येथे कसोटी पुन्हा लावू. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणत. शब्दारंभीचे ‘क्ल’ आणि ‘प्ल’ स्पॅनिशमध्ये बदलून दुहेरी ‘एल’ झाले. त्याचा उच्चार पूर्वी ‘ल्य’ होता, आज बहुतेक ठिकाणी ‘य’ आहे. ब्वेनोस आयरेसमध्ये तर ‘श’सारखा ऐकू येतो. पोर्तुगीजमध्ये त्याच जोडाक्षरांचा ‘च’ झाला :

किल्ली : लॅटिन क्लाविस – स्पॅनिश याबे – जुनी पोर्तुगीज चावे
हाक मारणे : लॅटिन क्लामारे – स्पॅनिश यामार – जुनी पोर्तुगीज चामार
पाऊस : लॅटिन प्लूविआ – स्पॅनिश यूब्या – जुनी पोर्तुगीज चूवा

एका शब्दात झालेला बदल अपघात म्हणता येईल. अनेक शब्दांत तोच बदल, त्याच जागी झाला, तर तो नियम. त्यामुळेच आपल्या पहिल्या पाठातले ‘मे यामो’ आणि आपल्या खिशातली ‘चावी’ एकाच नियमाने बांधलेली निघतात.

आणखी एक गोष्ट. पुढे पोर्तुगालच्या बहुतेक भागात या ‘च’चा ‘श’ झाला आणि आज लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव्ह’सारखा उच्चार ऐकू येतो. मराठीने मात्र शब्द घेतला तेव्हाचा ‘च’ तसाच ठेवला. जुन्या पोर्तुगीजचा पुरावा असा रोज महाराष्ट्रातल्या घराघरांत कुलपात फिरतो आहे!

वर्गासाठी

विद्यार्थ्यांचे गट करून वरील शब्दांच्या यादीत आपण न तपासलेले शब्द ‘योगायोग, उसनवारी, नाते, साम्य नाही’ अशा चार खान्यांत लावायला सांगावेत. शब्दकोशात आधार सापडल्याशिवाय खाना पक्का करू नये. नुसत्या साम्यावर विसंबायचे नाही, ही शिस्त या खेळातून लागते. भाषेच्या तासालाही विज्ञान शिकवता येते, ते असे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. व्याकरण, क्रियापदांची रूपे आणि मोठा शब्दसंग्रह यांसाठी कष्ट पडणारच, त्याला पळवाट नाही. परंतु उच्चार, लिंगभेद, आदरार्थी संबोधन आणि कितीतरी शब्द यांच्या बाबतीत मराठी मूल रिकाम्या हातांनी येत नाही. ‘तुझे इंग्लिश कच्चे आहे, तुला स्पॅनिश कसे येणार?’ असे कोणी त्याला म्हटले तर त्याने निर्धास्तपणे ‘त’ला ‘त’ म्हणावे आणि आपली ओळख करून द्यावी : ‘मे यामो…’